सात-पाचची नळी

मी माझ्याच चष्म्यावर बसले आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बसमध्ये डोळे चोळायला म्हणून तो काढून सीटवर ठेवला होता. वळणावर बस कलली, मी सरकले आणि खालून ‘कट्ट’ असा आवाज आला. चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचं नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते तेही कळत नाही. एका हाताने मोडका चष्मा नाकावर धरून, दुसऱ्या हातात यंत्रांची जड पिशवी सांभाळत मी उतरले. बाहेर पावसाची भुरभुर होती. कोपऱ्यावर पहिलं चष्म्याचं दुकान दिसलं — दिसलं म्हणजे अंदाजाने — त्यात शिरले.

“पडला,” मी चष्मा पुढे करत म्हटलं.

काउंटरमागच्या तरुणाने तो उलटसुलट करून बघितला. “पडलेला चष्मा असा मोडत नाही. याच्यावर कुणीतरी बसलंय.”

“असेल.”

“ओळखीचं आहे का कुणी?”

“थोडंफार.”

“मग सांगा त्यांना, जपून बसत जा म्हणावं. काच वाचलीय हे नशीब.”

मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण हसले असते तर कबुलीच झाली असती. त्याने बारीकसा स्क्रू बसवला, काच पुसली आणि काउंटरला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, कानांमागच्या काड्या बोटांनी दाबून बघितल्या.

“इकडे बघा. सरळ माझ्याकडे. हलू नका.”

जग एकदम स्वच्छ झालं, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे वीतभर अंतरावरचा त्याचा चेहरा. दाट भुवया, उजव्या गालावर जरासा खड्डा, आणि फ्रेम तिरकी तर नाही ना, एवढ्याच काळजीत बुडालेले डोळे...

“आता कसं दिसतंय?”

“चांगलं दिसतंय.”

“मी फ्रेमबद्दल विचारतोय.”

“मीही फ्रेमबद्दलच सांगतेय!”

तो मनमोकळं हसला. मग पिशवी उचलून माझ्या हातात देताना म्हणाला, “विटा भरल्यात की काय?”

“बी.पी. मोजायची यंत्रं. मी नर्स आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रक्तदाब आहे तिथे जाऊन आम्ही शोधतो, की रक्तातूनच काही चालत आलंय का.”

त्याचं हसू दिवा मालवावा तसं गेलं. “अच्छा. ते तुम्ही लोक.”

“म्हणजे?”

“काही नाही. झालं तुमचं काम.” आणि तो पाठ फिरवून काचा पुसायला लागला. बघता बघता माणूस असा कसा बदलतो, म्हणून मी चडफडतच बाहेर पडले.

माझं काम होतं दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या यादीतलं सातव्या क्रमांकाचं कुटुंब. कागदावर आम्ही कुणाचं नाव लिहीत नाही, नुसते आकडे. पहिला कुटुंबाचा, दुसरा माणसाचा. दार उघडलं ते सात-दोनने, म्हणजे घरातल्या आत्यांनी. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी माझी पिशवी, माझे बूट आणि माझं वजन एका नजरेत तपासलं.

“जेवतेस का वेळेवर?” हा पहिला प्रश्न. दुसरा, “बस.”

मी टेबलावर मोठा कागद पसरला आणि घराची वंशावळ काढायला लागले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. रक्तदाब असेल तर आत काळं भरायचं. माणूस गेलेला असेल तर वरून एक तिरपी रेघ. आत्या सांगत होत्या, मी काढत होते. आजोबा, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. काळा चौकोन, रेघ. मोठे काका, अठ्ठेचाळीस. काळा चौकोन, रेघ. आत्यांचे मधले भाऊ, म्हणजे या घरातल्या मुलांचे वडील, सेहेचाळीस. काळा चौकोन, रेघ.

आत्यांनी कागदावर हात ठेवला. “असं एका कागदावर कधी बघितलं नव्हतं गं.”

इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दादाचा, म्हणजे थोरल्या भाच्याचा चौकोन मी मुकाट्याने काळा केला. तो अवघा छत्तीस वर्षांचा, तीन तीन गोळ्या घेऊनही वरचा आकडा एकशे बहात्तर. आत्यांचा स्वतःचा गोलही काळा.

“आणि हा शेवटचा, सात-पाच?”

“तो धाकटा. आई लवकर गेली, दोघांना मीच वाढवलं. पण तो काही हात पुढे करायचा नाही. त्याला असलं काही कानावरसुद्धा नको असतं.”

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. धाकटा दुपारच्या जेवणाला घरी आला होता. दाट भुवया, उजव्या गालावर खड्डा.

“तुम्ही!” मी उठूनच उभी राहिले.

तो दारातच थिजला होता. माझ्याकडे, कागदाकडे, पुन्हा माझ्याकडे बघत शेवटी म्हणाला, “परत बसलात की काय त्याच्यावर?”

आत्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी त्याच्या दंडाला धरून खुर्चीत बसवलं. वॉर्डातल्या नर्सपुढे कुणाचं काय चालतं?

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकवून, न बोलता. हा आमचा नियम. मी पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला आणि समोर बसले.

“बोलायचं नाही,” मी बजावलं.

“का?”

“बोललं की वाढतं.”

“आणि बघितलं तर?”

“...तेही नाही.”

पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. तो खिडकीकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग घाईने पुन्हा खिडकीकडे. यंत्राने आकडा दाखवला. एकशे छप्पन्न, अठ्ठ्याण्णव. तिशीतल्या धडधाकट माणसाला हा आकडा! मी पुन्हा मोजलं. एकशे चोपन्न.

“मशीन बिघडलंय,” तो म्हणाला.

“नाहीये.”

“मग तुमच्यामुळे वाढलंय. तुम्ही नसताना मोजा, बघा.”

“मी नसताना मी कशी मोजणार?”

“हाच तर घोळ आहे,” तो म्हणाला, आणि गालावरचा तो खड्डा पुन्हा दिसला.

नियमाप्रमाणे तीन वेगवेगळ्या आठवड्यांत मोजायचं असतं. तीनही वेळा तो न बोलावता जेवणाच्या वेळेला हजर. तीनही वेळा आकडा दीडशेच्या वर. आणि तीनही वेळा मला बसपर्यंत सोडायला खाली. तो मला ‘पट्टेवाल्या बाई’ म्हणायचा, मी त्याला ‘चष्मेवाले’. थट्टा करता करता दोन बसेस सोडून द्यायचो, तिसरी नाइलाजाने पकडायचे.

तिसऱ्या आठवड्यात स्टॉपवर उभं असताना मी सहज विचारलं, “घरात तुमच्या लग्नाचा विषय निघत नाही का?”

“निघतो. मी तो विषय उठवून बाहेर पाठवतो.” मग तो थट्टेतून बाहेर आला. “तुम्ही तो कागद काढलात ना. आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. ते सकाळी दाढी करता करता पडले... माझ्या चौकोनावर रेघ मारायचं काम मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. ठरलंय माझं.”

बस आली. मी चढले, सीटवर बसले, आणि मला रडायला यायला लागलं. तो मला आवडला होता. नुसता आवडला नव्हता, अगदी वेड लागल्यासारखा आवडला होता, आणि हे मला कळलं ते नेमकं नको त्या दिवशी.

रक्त घ्यायचा दिवस उजाडला. सगळ्यांचं झालं. धाकटा मात्र खुर्चीच्या कडेवर बसून सुईकडे असा बघत होता, की त्यापेक्षा वाघ परवडला.

“तुमचंही घ्यायचंय म्हणालात ना?” तो घशातल्या घशात म्हणाला.

खरं होतं ते. तुलनेसाठी ज्यांना रक्तदाब नाही अशा माणसांचंही रक्त लागतं, म्हणून प्रत्येक घरामागे एक नळी आमच्यापैकी कुणाची तरी जाते. या वेळी पाळी माझी होती.

“मग आधी तुमचं. मी बघतो. तुम्ही जिवंत राहिलात तर माझं.”

आत्यांनी बाह्या सरसावल्या. “आण इकडे हात.” एका फटक्यात शीर सापडली, नळी भरली, स्टँडवर गेली. “चिठ्ठी लाव आधी,” त्या माझ्या दंडावर कापूस दाबत म्हणाल्या. आमच्या कामातला हा पहिला धडा आहे. नळी भरली की आधी चिठ्ठी, मग दुसरं काम.

“लावते,” मी म्हटलं. पण तो म्हणाला, “आता लगेच घ्या, नाहीतर मी पळतो,” आणि डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. तो हात परत मागे गेला असता तर पुन्हा आला नसता. मी सुई टोचली. नळी भरली, स्टँडवर ठेवली, सुई काढली आणि तो सरळ खुर्चीवरून घसरून माझ्या अंगावर आला.

त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले होते. आत्या पाय वर धरून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. मिनिटभराने त्याने एक डोळा उघडला.

“मेलो का?”

“नाही.”

“मग अजून जरा वेळ असाच राहतो.”

“ऊठ मेल्या!” आत्या ओरडल्या आणि आम्ही तिघं हसत सुटलो. त्याला चहा दिला, तो दुकानात गेला. मग मी नळ्यांना चिठ्ठ्या लावल्या, थंड डब्यात ठेवल्या आणि गाणं गुणगुणत जिना उतरले.

दीड महिन्याने आमच्या डॉक्टरबाई सकाळी सकाळी नाचायच्याच बाकी होत्या. या सगळ्या शोधाच्या त्या प्रमुख. सातव्या कुटुंबात त्यांना हवं ते सापडलं होतं. एका जनुकातला एक बारीकसा बदल, दादात आहे, आत्यांत आहे. “एक तुलनेची नळी तेवढी बिघडलेली दिसतेय, ती परत बघावी लागेल,” असं पुटपुटत त्या मोठ्या लॅबशी फोनवर बोलायला गेल्या. कागद टेबलावरच होता. मी वाकून बघितलं.

सात-पाच : बदल नाही.

मी तीन वेळा वाचलं. निकाल सांगायचा तो दुसऱ्यांदा खात्री झाल्यावर, आणि तोही डॉक्टरबाईंनी, घरच्यांसमोर बसून. हे मला पाठ होतं. तरीही दुपारच्या सुट्टीत मी धावत त्याच्या दुकानात गेले. एक आजी फ्रेम निवडत होत्या. मी त्यांच्या डोक्यावरून त्याला म्हटलं, “तुमच्यात नाहीये.”

“काय नाहीये?”

“ते. घरातलं. तुमच्यात आलेलंच नाही!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. हातातली फ्रेम खाली ठेवायलाही विसरला. मग एकदम स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आजी घाबरल्या. “काय झालं हो याला?”

“काही नाही,” तो बोटांआडून म्हणाला. “मी म्हातारा होणार आहे, आजी.”

“होतात की सगळे. त्यात रडायचं काय?”

आजी गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “म्हणजे माझं बी.पी. खरंच तुमच्यामुळे वाढत होतं. आता लेखी पुरावा आहे.”

मी वेड्यासारखी मान हलवली.

“मग यावर उपाय एकच. रोज समोर असलात की सवय होईल. कराल का... माझ्याशी लग्न?”

मी ‘हो’ म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. त्याला मात्र आलं.

पुढचे तीन आठवडे मी जमिनीवर चालत नव्हते. घरात सांगून झालं होतं, आत्यांनी मला दोन वेळा पोटभर जेवू घालून वजन करून बघितलं होतं. त्याने साठाव्या वर्षी आपण काय काय करायचं याची यादी केली होती. डॉक्टरबाईंना मात्र मी काहीही सांगितलं नव्हतं.

चौथ्या सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “अगं, हा तुझा सात-पाच...”

“काय झालं त्याला?”

“तो बाई आहे.”

“काय?”

“मोठ्या लॅबचा अहवाल आलाय. ते सगळ्यात आधी हेच बघतात, रक्त पुरुषाचं की बाईचं. सात-पाचच्या नळीत बाईचं रक्त आहे.”

आम्ही दोघी हसलो. खरंच खदखदून हसलो. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे तो स्टँड आला. दोन नळ्या, शेजारी शेजारी, बिनचिठ्ठीच्या. माझ्या कानांत दडे बसल्यासारखं झालं.

“आणि... तुलनेची नळी? माझी?”

“तीच तर बिघडलीय असं वाटलं होतं मला. बिघडलेली नाही. त्यात पुरुषाचं रक्त आहे, आणि तो बदलही आहे.” हे बोलता बोलताच त्यांचं हसू थांबलं. “चिठ्ठ्या कधी लावल्यास तू?”

मी खाली बसले. पाठीमागे खुर्ची होती म्हणून बरं. सगळं सांगितलं. तो घसरून पडला ते, मांडीवरचं डोकं, चिठ्ठ्या, कागद वाकून वाचला ते, दुकानात धावत गेले ते. आणि शेवटी, “आमचं लग्न ठरलंय.”

डॉक्टरबाईंनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “किती नियम मोडलेस ते मोजायला मला दोन्ही हात लागतील.”

“मला काढून टाका.”

“ते नंतर बघू. आधी त्या माणसाला सांगायला हवं, आजच. चूक तुझी, सांगायचंही तूच. रक्त पुन्हा घ्यायला मी येईन.”

दुकानापर्यंतच्या रस्त्यात मी चार वाक्यं पाठ केली होती. त्याने मला बघितल्यावर जो चेहरा केला, तो बघून चारही विसरले.

“नळ्या बदलल्या,” मी म्हटलं. “त्या दिवशी चिठ्ठ्या लावताना, माझ्या हातून. ती तुमची नव्हती... माझी होती.”

तो एका काडीचा स्क्रू घट्ट करत होता. तसाच करत राहिला. स्क्रू कधीचा घट्ट झाला होता.

“म्हणजे माझ्यात आहे.”

“पुन्हा तपासतील. पण... हो.”

“म्हणजे ते तुमच्यामुळे वाढत नव्हतं.”

“नव्हतं.” काय शरम वाटली मला! एका माणसाच्या दुखण्याला मी इतके दिवस माझं कौतुक समजून मिरवत होते.

“तीन आठवडे मी साठ वर्षांचा होणार होतो,” तो हळू म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. “तुम्ही जा आता. मला दुकान बंद करायचंय.”

भर दुपार होती. माझ्यामागे त्याने शटर ओढलं तो आवाज मला पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू आला.

डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तपासलं. शंका उरली नाही. माझं घरोघर जाणं बंद झालं. त्याचा फोन आला नाही, आणि मी करायचं धाडस केलं नाही. पंधरा दिवस मी नुसते ढकलले. मग एका शनिवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, “चल. सातव्या घरी निकाल सांगायचाय. माफी तुझ्या तोंडून गेली पाहिजे.”

त्याच टेबलाभोवती सगळे बसले होते. आत्या, दादा, वहिनी, आणि खिडकीला टेकून तो. मी उभी राहिले आणि माफी मागितली. आत्या तडक म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, चिठ्ठी लाव आधी. पण मीही लावून घेतली नाही. बस खाली.”

मग डॉक्टरबाई बोलल्या, अगदी साध्या शब्दांत. “या घरातल्या मूत्रपिंडांना मीठ सोडायचं कळत नाही. धरून ठेवतात, म्हणून दाब चढतो. नेहमीच्या गोळ्या भलत्याच दारावर धक्के मारत होत्या. पण आता दार कळलंय, आणि त्याची गोळी आहे. नवी नाही, वर्षानुवर्षं वापरातली. दादांचा निकाल आधीच पक्का झाला होता, म्हणून त्यांना आपण दोन आठवड्यांपूर्वीच ती सुरू केली. सांगा, आज किती आहे?”

“एकशे बत्तीस,” दादा म्हणाला.

“किती?” तो खिडकीपाशी ताठ झाला.

“बत्तीस! मी तीन वेळा मोजलं,” आत्या म्हणाल्या. “माझ्या यंत्राने, परत त्याच यंत्राने, मग शेजारच्यांचं आणून. विश्वासच बसेना.” मग त्यांचा आवाज चिरकला. “म्हणजे... माझा भाऊ...”

“तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आत्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. वहिनींनी आत्यांचा हात हातात घेतला. आत्या ज्या ढसाढसा रडल्या, त्या आम्हा सगळ्यांना रडवूनच थांबल्या.

“आणि मुलं?” त्याने विचारलं. खोलीतल्या आवाजात त्याचा आवाज वेगळा पडला.

“प्रत्येक मुलात येण्याची शक्यता अर्धी. निम्मी निम्मी.”

तो बाहेर जिन्यात गेला. मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. मी मागोमाग गेले.

तो कठड्याला धरून उभा होता. “माझा शब्द मी मागे घेतोय,” तो मागे न वळता म्हणाला. “तुम्ही मोकळ्या आहात.”

इतके दिवस मी अपराधी होते, पण हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. “मला मोकळं करणारे तुम्ही कोण हो? मी काय तुमच्या दुकानातली फ्रेम आहे, बसली नाही की परत काढून ठेवायला?”

तो वळला.

“एका नळीच्या भरवशावर तुम्ही मला विचारलंत. ती नळी माझी होती. तुम्हाला साठ वर्षं दिसली ती माझ्या रक्तात दिसली. ती चांगली बातमी खोटी नव्हती, फक्त माझी होती. मग घ्या ना त्यातली अर्धी. मी देतेय.”

“असं नसतं ते.”

“मग कसं असतं?”

“मुलांना...”

“मुलांना जन्मल्यापासून माहीत असेल. तुमच्या बाबांना माहीत नव्हतं. फरक एवढाच आहे, आणि आत्ताच दादाने सांगितलं ना, केवढा आहे तो.”

पावसाने ओल्या झालेल्या जिन्याच्या खिडकीतून गार वारा येत होता. मग अगदी लहान आवाजात तो म्हणाला, “मला भीती वाटते. पंधराव्या वर्षापासून.”

“मलाही वाटते. पण तुम्ही एकट्यानेच किती घाबरायचं? थोडं दुसऱ्यालाही घाबरू द्या.”

त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. “तुमची नोकरी?”

“आहे. दिवसभर चिठ्ठ्या चिकटवते. डॉक्टरबाई शेजारी उभ्या राहून बघतात.” मी श्वास घेतला. “ते जाऊ दे. आता मी विचारतेय. तुमच्या रिपोर्टला नाही, तुम्हाला. लग्न करणार का माझ्याशी?”

तो आ वासून बघत राहिला. दाराआडून आत्यांचा आवाज आला, “अरे, हो म्हण की एकदाचं! उभं राहून पाय मोडले माझे.”

“तू खरंच...” तो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ‘तू’.

“खरंच.”

“हो,” तो म्हणाला. “हो.”

आणि मीच हबकले. तो ‘नाही’ म्हणाला तर काय बोलायचं, ते मी पंधरा दिवस घोकून आले होते. त्याचं ‘हो’ आलं तर काय बोलायचं, ते ठरवलंच नव्हतं. म्हणून त्याचा हात धरला आणि आम्ही दोघं आत गेलो.